काळ्या गाडीवरचं कोळ्याचं जाळं

रात्री पार्किंगमध्ये जा, मोबाइलचा टॉर्च लावा आणि एखाद्या काळ्या गाडीच्या बॉनेटवर धरा. उजेडाभोवती बारीक रेघांचं गोल गोल जाळं दिसेल, कोळ्यानं विणल्यासारखं. आता टॉर्च हातभर बाजूला न्या. जाळंही मागोमाग सरकलं ना? डिटेलिंगवाले याला ‘स्वर्ल मार्क’ म्हणतात. गंमत म्हणजे ती वर्तुळं गाडीवर नसतातच! ओरखडे वाट्टेल त्या दिशेनं गेलेले असतात. त्यांतले जे उजेडाला आडवे पडतात तेवढेच चमकतात आणि आपला डोळा त्यांचं वर्तुळ जुळवतो. रोजच्या जेवणातलं स्टीलचं ताट उन्हात धरा, हेच दिसेल. पाऊस पडून गेल्यावर रस्त्यावरच्या दिव्याआड येणारं ओलं, पानं झडलेलं झाड बघा. त्याच्या फांद्याही दिव्याभोवती गोल वळल्यासारख्या वाटतात.

पांढऱ्या गाडीवर ओरखडे नसतात का? तितकेच असतात. पांढरा रंगच इतका उजेड परत फेकतो, की त्यात ते बुडून जातात.

हे सगळं घडतं रंगावर नव्हे, रंगावरच्या पारदर्शक थरावर. त्याला क्लिअर कोट म्हणतात आणि तो साधारण 40 ते 50 मायक्रॉन जाडीचा असतो. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉनचा. म्हणजे लाखो रुपयांच्या गाडीची सगळी झळाळी केसाहूनही पातळ थरावर उभी आहे. एवढं एकदा कळलं, की कोरडं फडकं उचलायला हात धजत नाही.

कारण धुळीत गारगोटीचे कण असतात. खनिजांचा कठीणपणा मोजायच्या मोजपट्टीवर गारगोटी 7 वर बसते, साधी पोलादी सुरी साडेपाचच्या आसपास. जे सुरीला ओरखडतं त्याच्यापुढे क्लिअर कोट काय टिकणार? धुळीनं माखलेल्या बॉनेटवर मुलं हौसेनं बोटानं नाव लिहितात. गाडी धुतल्यावर नाव जातं, पण टॉर्च तिरपा धरला की अक्षरं पुन्हा वाचता येतात. माझ्या भाच्याच्या नावाचा ‘अ’ एका दारावर दोन वर्षं होता.

आता ओरखडे काढायचे कसे? इथे बहुतेकांची समजूत उलटी असते. पॉलिशनं ओरखडा भरत नाही. खड्डा बुजवण्याऐवजी आजूबाजूची जमीनच खड्ड्याच्या तळापर्यंत खाली आणायची, असं ते काम आहे. ही जमीन खरवडायला पॉलिशमध्ये बहुधा अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडची अतिबारीक पूड असते. हेच खनिज निसर्गात सापडलं की त्याला कुरुंद म्हणतात. धार लावायचा कुरुंदाचा दगड तोच, आणि लाल रंगाचा निघाला की माणिकही तोच! प्रत्येक पॉलिशला क्लिअर कोटचे एक-दोन मायक्रॉन तरी जातात, म्हणून दर दिवाळीला मशीन फिरवून घेणं ही हौस नव्हे, उधळपट्टी आहे.

दोन परीक्षा घरीच करता येतात. ओरखड्यावर पाणी शिंपडा. ओल्यावर तो दिसेनासा झाला तर तो वरवरचा आहे, पॉलिशनं निघेल. आणि नख फिरवा. नख अडकलं तर पॉलिशचा नाद सोडा, पेंटिंगवाल्याला दाखवा. पाण्याची परीक्षा आणखी एक गोष्ट शिकवते. काही स्वस्त पॉलिशांमध्ये तेल आणि मेण असतं, ते ओरखड्यात भरून बसतं आणि गाडी दुकानातून निघताना आरशासारखी दिसते. दोन-चार धुण्यांत जाळं परत हजर.

मेणाचीही एक कहाणी आहे. गाडीच्या उत्तम मेणात कार्नोबा असतं. ईशान्य ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवर ते साठतं, उन्हाळ्यात पानातलं पाणी उडू नये म्हणून. वनस्पतींच्या मेणांत ते फार कठीण, 82 ते 86 अंश सेल्सिअसला वितळणारं. चकचकीत गोळ्या-चॉकलेटांवर आणि औषधाच्या गोळ्यांवरही तेच लावतात. 1935 साली मेणाचे अमेरिकी कारखानदार एच. एफ. जॉन्सन ज्युनियर हे झाड शोधायला पाण्यावर उतरणाऱ्या विमानानं ब्राझीलला गेले. विमानाचं नाव ‘कार्नोबा’. 1998 मध्ये त्यांच्या मुलानं तसंच विमान नव्यानं बांधून घेतलं आणि त्याच वाटेनं उड्डाण केलं.

या मेणाचे पांढरे डाग गाडीवर राहिले तर? खसाखसा घासू नका. जाड थर दिला, किंवा उन्हात तापलेल्या पत्र्यावर लावलं, की ते वाळून बसतं. त्यावर काट्यानं काटा काढायचा: त्याच मेणाचा पातळ हात पुन्हा फिरवा आणि लगेच मऊ मायक्रोफायबरनं पुसा. ताज्या मेणातला द्रव जुन्याला मऊ करतो. काळ्या प्लास्टिकच्या पट्टीवर डाग पडला असेल तर पीनट बटर आणि जुना मऊ टूथब्रश! शेंगदाण्याचं तेल मेण सैल करतं. नंतर साबणानं धुवायला मात्र विसरू नका, नाहीतर मुंग्यांची रांग लागेल.

निसाननं 2005 मध्ये आपोआप भरून येणारा क्लिअर कोट जाहीर केला होता. बारीक ओरखडा एका दिवसापासून आठवडाभरात नाहीसा व्हायचा. हवा जितकी उबदार, तितकं लवकर.

आपल्या गाड्यांना ती सोय नाही, म्हणून दसऱ्याचा झेंडूचा हार संध्याकाळीच उतरवा. धूळ धरून तो दिवसचे दिवस बॉनेटवर घासत राहतो. आणि पहाटे सहाला सोसायटीतल्या वीस गाड्या पुसणाऱ्या दादांकडे एकदा बघा. एक बादली, एक फडकं. पाचव्या गाडीपर्यंत पाणी मातकट होतं आणि पहिल्या गाडीची धूळ विसाव्या गाडीवर फिरते. यात त्यांची चूक नाही. दुसरी बादली आणि नळापाशी जायला वेळ त्यांना कुणी दिलेलाच नसतो. येत्या रविवारी त्यांना आणखी एक बादली आणि दोन मायक्रोफायबर फडकी आणून द्या, आणि सांगा, ‘दादा, रोज नको, एक दिवसाआड पुसा, पण आधी पाणी ओता.’ पगार तेवढाच ठेवा.