प्लॅटिनम जपायला गेले आणि मुले वाचली

अमेरिकेत जुन्या मोटारींचे शौकीन एकत्र जमले की १९७० च्या दशकाबद्दल एक हळहळ हमखास ऐकू येते : सरकारने प्रदूषणाचे नियम आणले आणि आमच्या गाड्यांचा जीव गेला. ज्या गाड्यांबद्दल ही हळहळ असते त्यांना तिकडे ‘मसल कार’ म्हणतात. आटोपशीर बांध्याची दोन दारांची गाडी आणि तिच्यात ट्रकला शोभेल एवढे मोठे आठ सिलिंडरचे इंजिन, असा तो प्रकार. त्यातलीच एक नामांकित गाडी म्हणजे जनरल मोटर्सच्या पॉन्टिॲक विभागाची ‘फायरबर्ड ट्रान्स ॲम’. बॉनेटभर पंख पसरलेल्या पक्ष्याचे चित्र असलेली ही गाडी इंग्रजी सिनेमे पाहणाऱ्यांच्या ओळखीची असेल.

डॉक्टरने मोटारीबद्दल का लिहावे, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. पण या गाडीच्या अशक्तपणाचे निदान करू गेलो, तर त्याचे धागेदोरे लहान मुलांच्या रक्तापर्यंत पोचतात.

आधी अशक्तपणा किती होता ते पाहू. १९७१ च्या ट्रान्स ॲममध्ये साडेसात लिटरचे इंजिन होते आणि कंपनी त्याची ताकद ३३५ अश्वशक्ती सांगत असे. १९७६ मध्ये तेवढ्याच आकाराच्या इंजिनाचा आकडा होता २००. ही घसरण भयंकर दिसते, पण त्यातली काही निव्वळ मोजण्याच्या पद्धतीमुळे झालेली आहे. १९७१ पर्यंत अमेरिकेतल्या कंपन्या इंजिन गाडीबाहेर काढून, त्याच्यावरचा पंखा, अल्टरनेटर, सायलेन्सर वगैरे भार उतरवून ताकद मोजत. १९७२ पासून हे सगळे जोडून मोजायला सुरुवात झाली आणि जवळजवळ त्याच इंजिनाचा आकडा ३०० वर आला. रुग्णाचे वजन एकदा बूट-कोटासकट करायचे आणि पुढच्या खेपेला नुसत्या गाऊनवर, आणि मग तो खंगला म्हणून घाबरायचे, तसा हा प्रकार. त्यानंतरची ३०० वरून २०० ही घसरण मात्र खरी.

तिचे मूळ शिशात आहे.

पेट्रोल आणि हवेचे मिश्रण सिलिंडरमध्ये जितके जास्त दाबावे, तितकी ताकद जास्त मिळते. पण फार दाबले की त्यातला काही भाग ठिणगीची ज्वाला पोचण्याची वाट न पाहता आपोआप पेट घेतो आणि इंजिन ठोकायला लागते. मेकॅनिक त्याला ‘नॉकिंग’ म्हणतात. यावरचा स्वस्त उपाय १९२१ मध्ये जनरल मोटर्सच्याच प्रयोगशाळेत टॉमस मिजली यांनी शोधला : पेट्रोलमध्ये टेट्राएथिल लेड, म्हणजे शिशाचे एक संयुग, चिमूटभर घालायचे. शिसे विषारी आहे हे वैद्यकाला तेव्हा नवीन नव्हते. १९२४ मध्ये न्यू जर्सीतल्या तेलशुद्धीकरण कारखान्यात हे संयुग बनवणारे पाच कामगार भ्रमिष्ट होऊन मेले. दुसऱ्या वर्षी सरकारने बोलावलेल्या बैठकीत हार्वर्डच्या डॉ. ॲलिस हॅमिल्टन यांनी या पेट्रोलला उघड विरोध केला. त्यांचे कोणी ऐकले नाही. पुढची जवळजवळ पन्नास वर्षे अमेरिकन इंजिने अधिकाधिक दाबाची होत गेली. मसल कार हे त्याच वाढीचे टोक. तिच्या त्या प्रसिद्ध गुरगुराटामागे शिसेच होते, असे म्हटले तरी चालेल.

१९७० च्या शेवटच्या दिवशी अध्यक्ष निक्सन यांनी स्वच्छ हवेच्या कायद्यावर सही केली. १९७५ च्या गाड्यांमधून बाहेर पडणारा कार्बन मोनॉक्साइड आणि अर्धवट जळालेले इंधन ९० टक्क्यांनी कमी झाले पाहिजे, असे त्यात होते. या कायद्याच्या नजरेसमोर मुख्यतः लॉस एंजेलिससारख्या शहरांवर साचणारे, डोळे झोंबवणारे धुरके होते. शिसे नव्हते, हे लक्षात ठेवायला हवे.

हे कसे साधायचे, यावर कंपन्यांनी बरेच उपाय करून पाहिले. एक उपाय असा की धुराचा थोडा भाग परत सिलिंडरमध्ये सोडायचा. त्याने आतली आग थंडावते आणि नायट्रोजनची ऑक्साइडे कमी तयार होतात. ताकदही थोडी जाते. १९७३ मध्ये पॉन्टिॲकच्या इंजिनीअरांनी ट्रान्स ॲमसाठी ‘सुपर ड्यूटी’ नावाचे एक खास इंजिन तयार केले. पर्यावरण संरक्षण संस्थेच्या तपासणीत असे निघाले, की पॉन्टिॲकच्या गाड्यांत धूर परत फिरवणारी ही झडप ठरावीक काळाने आपोआप बंद होते. झडपेची चाचणी पार पडेपर्यंत ती शहाण्यासारखी वागायची आणि मग सुट्टीवर जायची. आमच्याकडे काही मधुमेही तपासणीच्या आधीचे दोन दिवस तेवढे पथ्य पाळतात, त्याची मला आठवण झाली. कंपनीला ती यंत्रणा काढावी लागली, सुपर ड्यूटीचा कॅमशाफ्ट बदलावा लागला आणि ३१० ची जाहिरात केलेले इंजिन २९० अश्वशक्तीवर आले. त्या वर्षी अशा ट्रान्स ॲम गाड्या फक्त २५२ विकल्या गेल्या. आज त्यांच्यासाठी शौकीन वाटेल ती किंमत मोजतात.

खरा तोडगा निघाला तो १९७५ मध्ये. गाडीच्या पोटाखाली, धुराच्या नळीत एक डबा बसवण्यात आला : कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. आत सिरॅमिकचे बारीक दाणे, त्यांवर प्लॅटिनम आणि पॅलेडियमचा पातळ थर. गरम धूर त्यावरून गेला की विषारी कार्बन मोनॉक्साइडचा कार्बन डायॉक्साइड होतो आणि न जळलेले इंधनही जळून जाते. ट्रान्स ॲमच्या मागे दिमाखात दोन नळ्या दिसत. १९७५ पासून इंजिनाच्या दोन्ही बाजूंचा धूर एका नळीत आणून त्या एकाच डब्यातून नेण्यात आला आणि पुढे पुन्हा दोन नळ्यांत सोडला, केवळ दिसण्यासाठी. नाक दाबल्यावर धावायला सांगावे तशी इंजिनाची अवस्था झाली.

पण या डब्याची एक अट होती. शिसे प्लॅटिनमवर जाऊन बसते आणि त्याचे काम बंद पाडते. शिशाच्या पेट्रोलच्या काही टाक्या भरल्या की महागडा डबा निकामी. रसायनशास्त्राच्या भाषेत यालाही ‘विषबाधा’च म्हणतात. म्हणून बिनशिशाचे पेट्रोल आणणे भाग पडले. जनरल मोटर्सचे अध्यक्ष एड कोल यांनी हे आधीच ओळखले होते. १९७१ च्या इंजिनांमधला दाब त्यांनी कमी करायला लावला तो याचसाठी. कमी दाबाचे इंजिन शिशाविना चालते, पण ताकद गमावते. १९७४ च्या जुलैपासून पेट्रोलपंपांवर बिनशिशाचे पेट्रोल मिळू लागले. नव्या गाड्यांच्या टाकीचे तोंड मुद्दाम अरुंद केले, म्हणजे शिशाच्या पेट्रोलची जाड नळी त्यात शिरू नये. स्वस्त पेट्रोलसाठी ते तोंड ठोकून रुंद करणारे महाभाग तिथेही निघालेच.

थोडक्यात, प्लॅटिनमला शिशाची बाधा होऊ नये म्हणून ज्या पेट्रोलची सोय केली गेली, त्याच पेट्रोलने मुलांच्या मेंदूला होणारी बाधा कमी झाली. सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासात इतके मोठे फळ इतक्या आडवाटेने क्वचितच मिळाले असेल.

शरीर शिशाला कॅल्शियम समजते, ही सगळ्या दुखण्याची मुळाशी असलेली गोष्ट. त्यामुळे त्याला आतड्यातून सहज आत घेतले जाते, हाडांत साठवले जाते आणि मेंदूच्या पेशींपर्यंतही जाऊ दिले जाते. मुले मोठ्यांच्या कितीतरी पट अधिक शिसे शोषून घेतात. त्यांची उंची कमी, नाक रस्त्याच्या जवळ, हात तोंडात. विद्यार्थी असताना आम्हाला शिसेबाधा शिकवली ती हिरड्यांवरची निळी रेघ, पोटातली कळ आणि लुळा पडलेला मनगटाचा सांधा अशी, म्हणजे कारखान्यातल्या प्रौढ कामगाराचा आजार म्हणून. लक्षणे दिसत नाहीत, म्हणजे बाधा नाही, असा समज बराच काळ टिकला. १९७९ मध्ये डॉ. हर्बर्ट नीडलमन यांनी बोस्टनजवळच्या शाळकरी मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा करून त्यांतले शिसे मोजले. वरवर ठणठणीत असलेल्या या मुलांपैकी ज्यांच्या दातांत शिसे जास्त, त्यांची बुद्ध्यांक चाचणीतली कामगिरी कमी होती, आणि वर्गात त्यांचे लक्ष टिकत नाही, असे शिक्षकांनीही नोंदवले होते.

त्याच सुमारास अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीत देशभरातल्या लोकांचे रक्त तपासले जात होते. १९७६ मध्ये दर १०० मिलिलिटर रक्तात सरासरी १४.६ मायक्रोग्रॅम शिसे होते. १९८० मध्ये ते ९.२ वर आले. चार वर्षांत ३७ टक्के घट! पेट्रोलमधल्या शिशाचा खप आणि रक्तातले शिसे यांचे आलेख शेजारी ठेवले तर एकाची सावली दुसऱ्यावर पडावी तसे दिसतात. जुन्या गाड्या मोडीत जात होत्या, डब्याच्या नव्या गाड्या रस्त्यावर येत होत्या आणि दोन्ही रेषा बरोबरीने खाली उतरत होत्या. १९८२ मध्ये शिशाचे नियम सैल करण्याचा सरकारचा विचार होता, तेव्हा हेच आकडे आडवे आले आणि नियम उलट कडक झाले. १९९६ पासून तिथे रस्त्यावरच्या वाहनांसाठी शिशाच्या पेट्रोलवर पूर्ण बंदी आहे. आज अमेरिकेत मुलाच्या रक्तात ३.५ मायक्रोग्रॅम शिसे सापडले तरी चौकशी सुरू होते. त्या १४.६ च्या सरासरीकडे आज पाहिले की अंगावर काटा येतो.

कार्बन मोनॉक्साइडचा हिशेबही सांगायला हवा. हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. थंडीत बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून माणसे गुदमरून मरत. वाहनांच्या धुरामुळे झालेल्या अशा अपघाती मृत्यूंचे प्रमाण १९७५ मध्ये दर दहा लाख लोकांमागे ४ होते. १९९६ मध्ये ते ०.९ झाले.

गाडीचे काय झाले? गंमत अशी, की अशक्त ट्रान्स ॲम तुफान खपली. १९७७ च्या ‘स्मोकी अँड द बँडिट’ या सिनेमात काळ्या ट्रान्स ॲमने पोलिसांना झुलवले आणि मागणी वाढतच गेली. १९७९ मध्ये एक लाख सतरा हजारांहून अधिक गाड्या विकल्या गेल्या. १९७२ मध्ये, नियम अजून सौम्य आणि इंजिन अजून जोरकस असताना, संपाच्या वर्षी हा आकडा १,२८६ होता. लोकांना ताकद हवी होती की ताकदीचा देखावा, हे ज्याचे त्याने ठरवावे. नियमांनी गाडी मारली, हे म्हणणे तर मला अजिबात पटत नाही. एक तर १९७३ ची तेलटंचाई आणि विम्याचे चढे हप्ते यांचाही त्यात वाटा होता. दुसरे म्हणजे, संगणकाने नेमके मोजून इंधन सोडण्याचे तंत्र आल्यावर ताकद परत आली. २००२ मध्ये शेवटची ट्रान्स ॲम निघाली तेव्हा तिचे ५.७ लिटरचे इंजिन ३२५ अश्वशक्ती देत होते. बिनशिशाच्या पेट्रोलवर, आणि कन्व्हर्टरसकट.

आपल्याकडे हेच नाटक वीस वर्षे उशिरा झाले. १ एप्रिल १९९५ पासून मुंबईसह चार महानगरांत कन्व्हर्टर असलेल्या नव्या गाड्या आणि त्यांच्यासाठी बिनशिशाचे पेट्रोल आले. २००० च्या फेब्रुवारीपासून देशभर शिशाचे पेट्रोल बंद झाले. त्याआधीच्या एका पाहणीत मुंबईतल्या सुमारे ६२ टक्के मुलांच्या रक्तात १० मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त शिसे आढळले होते. बंदीनंतरच्या पाहणीत ते प्रमाण ३३ टक्क्यांच्या आसपास आले. उरलेले शिसे जुन्या रंगांच्या पोपड्यांतून, बॅटऱ्या फोडण्याच्या धंद्यातून आणि पिवळाजर्द दिसावा म्हणून हळकुंडाला फासलेल्या रंगातून येते. ते पेट्रोलपंपावर थांबवता येत नाही.

आणि काही शिसे आपल्यातच आहे. हाडात शिरलेले शिसे तिथे कित्येक वर्षे, दशके मुक्काम करते. ज्यांचे बालपण शिशाच्या धुरात गेले ती पिढी, म्हणजे माझीही, आता पन्नाशी-साठीत आहे. हाडे ठिसूळ होऊ लागली की त्यांतले जुने शिसे सुटून पुन्हा रक्तात येते. पाळी गेलेल्या बायकांच्या रक्तात ते वाढलेले आढळले आहे. अशा शिशाने रक्तदाब वाढतो, मूत्रपिंडांवरही ताण येतो. बाह्यरुग्ण विभागात समोर बसलेल्या साठीच्या बाईंना मी मीठ किती खाता, झोप कशी लागते, घरात कोणाला रक्तदाब आहे का, एवढे विचारतो. अलीकडे आणखी एक प्रश्न विचारू लागलो आहे : लहानपणी तुमचे घर कुठल्या रस्त्यावर होते?