चाळीस नट

भाताची झोडणी उरकून बेडशातलं अंगण मोकळं झालं, तेव्हा कुठे जीपची टाकी खाली उतरली. गाडी महिंद्राची सीजे-३बी. अमेरिकेत हे मॉडेल १९६८ साली बंद झालं, आपल्याकडे पुढेही बरीच वर्षं निघत राहिलं. आमची मात्र पाच पावसाळे गोठ्याशेजारी उभी.

टाकीत दोनेक लिटर शिल्लक होतं. रंग चहाचा, वास जुन्या व्हार्निशचा. ओढा खाली पवनेला मिळतो, म्हणून ते कॅनमध्ये भरून बूच लावलं. काट्याचा फ्लोट काढून बॅटरीने आत पाहिलं. तळाला काळी राळ, पण पत्रा शाबूत. गंज सगळा वरच्या भागात, जिथे पेट्रोल नव्हतं, नुसती हवा होती. आणि हवा मावळातली, आषाढात चपलांनाही बुरशी आणणारी! रात्री पत्रा गार पडला की आतून दव धरतं. गाडी उभी करताना टाकी काठोकाठ भरायची असते. आम्ही तेवढे पैसे वाचवले होते.

मिस्त्रीकाका विडी ओढायला पार बांधापलीकडे गेले. "भरल्या टाकीला नका भिऊ, रिकामीला भ्या," म्हणाले. पेट घेते ती वाफ. हवेत दीड टक्का झाली तरी पुरते. लोखंडावर लोखंड आपटून ठिणगी उडू नये म्हणून आधी तीनदा साबणाचं पाणी, मग पाण्यासकटच नट. मोजून चाळीस. दोघांनी दोन बाजू धरून सूप पाखडावं तशी टाकी हलवली. आवाज आधी बोदा, तासाभराने खणखणीत. विटकरी चिखल आणि खपल्या बाहेर आल्या.

रात्रभर कोमट पाण्यात लिंबूसत्त्व. बूच सैल, कारण आत वायू धरतो. सकाळी पाणी हिरवट-पिवळं. मग खायचा सोडा, तो फसफसायचा थांबेपर्यंत. यानंतर मात्र घाई. उघडा पडलेला पत्रा बघता बघता पुन्हा केशरी होतो. उन्हात वाळवून लगेच डिझेलचा हात फिरवला.

टाकी बसवण्याआधी काकांनी नट मोजले. एकोणचाळीस. मी म्हटलं, राहू द्या. ते काही बोलले नाहीत. टाकी उपडी करून आतल्या आडव्या पत्र्याच्या जागी बाहेरून बुक्क्या मारत राहिले. अर्ध्या तासाने चाळिसावा अंगणात पडला.