एसीचा कॉम्प्रेसर कुरकुरू लागला तर…

गाडीचा एसी थंड करेनासा झाला की गॅरेजात पहिलं वाक्य कानावर पडतं : ‘गॅस भरून टाकू.’ पण एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो कमी झाला म्हणजे कुठेतरी गळती आहे, आणि ती शोधल्याशिवाय गॅस भरू देऊ नका. पाइपच्या जोडावर धूळ चिकटलेला तेलकट डाग दिसला, तर संशय तिथेच घ्यावा. कॉम्प्रेसरचं तेल गॅसबरोबरच फिरतं. गळतीत तेही जातं आणि कॉम्प्रेसर आतून घासू लागतो.

एसी बंद असतानाही घरघर येत असेल, तर बहुधा पुलीचं बेअरिंग गेलेलं असतं. अशा वेळी अख्खा कॉम्प्रेसर बदलायची घाई नको. एसी लावल्यावरच खडखड होत असेल, तर दुखणं आतलं. कॉम्प्रेसरचा क्लच ओढतच नसेल, तर आधी फ्यूज आणि रिले तपासून घ्या.

कॉम्प्रेसर जॅम झाला, तर पट्टा तुटू शकतो. अनेक गाड्यांत तोच पट्टा अल्टरनेटर आणि वॉटर पंपही फिरवतो. जळका वास आला की एसी तत्काळ बंद करा.

आतून मोडलेल्या कॉम्प्रेसरचा धातूचा चुरा कंडेन्सरपर्यंत पोहोचतो. म्हणून नवा बसवताना लाइन धुणं, ड्रायर नवा टाकणं आणि व्हॅक्यूम करणं यात काटकसर करू नये. नाहीतर नवाही लवकरच जातो.

कॉम्प्रेसरचं तेल फिरतं राहावं म्हणून पावसाळ्यात आणि थंडीतही आठवड्यातून एकदा दहा मिनिटं एसी चालवा.