शरीरातलीच कॅन्डिडा बुरशी आजार का करते?

तापासाठी पाच दिवस अँटिबायोटिक घेतले. ताप उतरला, पण काही दिवसांतच योनीमार्गात खाज सुटली आणि दह्यासारखे घट्ट पांढरे जाऊ लागले. अनेक स्त्रियांना हा अनुभव येतो. हा संसर्ग बहुतेक वेळा बाहेरून आलेला नसतो. तो करणारी कॅन्डिडा अल्बिकन्स ही बुरशी आधीपासूनच शरीरात असते.

एरवी ती त्रास का देत नाही?

ही यीस्ट प्रकारची बुरशी अनेक निरोगी माणसांच्या तोंडात, आतड्यात आणि योनीमार्गात राहते. शेजारचे उपयुक्त जिवाणू, शाबूत अस्तर आणि आपली प्रतिकारशक्ती तिला आटोक्यात ठेवतात. अँटिबायोटिकने जिवाणू मरतात, पण बुरशीवर त्याचा परिणाम होत नाही. त्यामुळे तिला वाढायला मोकळी जागा मिळते.

आजार कसा होतो?

संधी मिळताच तिच्या गोल पेशींना लांब तंतू फुटतात आणि ते अस्तरात घुसतात. हे तंतू कॅन्डिडालायसिन नावाचे विष सोडतात. २०१६ मध्ये शोध लागलेले हे विष आपल्या पेशींच्या आवरणाला इजा करते. त्यावर शरीर प्रतिकार करते आणि सूज, आग, खाज सुरू होते.

धोका कोणाला?

आटोक्यात नसलेला मधुमेह, गरोदरपण, एचआयव्ही, केमोथेरपी यांत धोका वाढतो. तान्ह्या बाळांच्या आणि कवळी वापरणाऱ्यांच्या तोंडातही पांढरे चट्टे येतात. दम्यासाठी स्टिरॉइडचा पंप घेणाऱ्यांनी दर वेळी चूळ भरावी.

अतिदक्षता विभागातील रुग्णांमध्ये शिरेतल्या नळीवाटे किंवा आतड्यातून ही बुरशी रक्तात शिरू शकते. असा संसर्ग जीवघेणा ठरू शकतो. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ च्या यादीत तिला सर्वाधिक गंभीर गटात ठेवले.

काय करावे?

उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या घेऊ नका, त्रास वाढेल. खाज आणि पांढरे जाणे इतर संसर्गांतही असते, म्हणून डॉक्टरांना दाखवून मगच बुरशीविरोधी औषध घ्या. त्रास वारंवार होत असेल, तर रक्तातली साखर जरूर तपासा. बुरशी शरीरात राहणारच आहे, तिला वाव कशामुळे मिळतो हे शोधायला हवे.