धूर इथला, कार्बन सगळ्यांचा

हिवाळ्यात भल्या सकाळी तिकोणा चढू लागलात, की तिकोणा पेठेच्या घरांवर आणि पवना धरणाच्या पाण्यावर निळसर थर आडवा पसरलेला दिसतो. पर्यटक धुके म्हणून त्याचे फोटो काढतात. धुके असतेच, पण त्यात चुली, बंब आणि शेकोट्यांचा धूरही असतो. रात्री जमिनीलगतची हवा गार होते, वरची तुलनेने उबदार राहते आणि डोंगरांमधल्या या वाटीवर झाकण बसते. ऊन चढेपर्यंत तो धूर तिथल्या माणसांच्याच छातीत जातो.

याच धुरासोबत निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडची तऱ्हा वेगळी. धुराचे बारीक कण काही दिवसांत, फार तर एक-दोन आठवड्यांत खाली बसतात किंवा पावसाने धुतले जातात. कार्बन डायऑक्साइड मात्र जगभर मिसळतो आणि त्याचा मोठा हिस्सा शतकानुशतके हवेत राहतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने सिंहगडावर त्याची मोजणी केली आहे. पावसाळ्यात समुद्रावरून वारे येतात, रान वाढत असते, तेव्हा प्रमाण उतरते. पुढे पुन्हा चढते. पण हा चढउतार ज्या पायरीवर होतो, ती पायरीच दरवर्षी वर सरकते आहे. हवाई बेटांवरील मौना लोआ येथे १९५८ साली हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे ३१५ भाग होते. आता ते ४२० च्या वर आहेत. पेठेतल्या सगळ्या चुली उद्या विझल्या, तरी त्या आकड्याला पत्ताही लागणार नाही. चुलीपुढे बसणाऱ्या बाईच्या खोकल्याला मात्र लागेल.

म्हणून ‘धूर जास्त तिथे कार्बन जास्त’ हे गणित फसते. तोडलेल्या झाडाच्या जागी झाड वाढले, तर सरपणाचा बराचसा कार्बन परत शोषला जातो. कागदावर चूल जवळजवळ निर्दोष ठरते, घरात मात्र तीच सर्वांत वाईट. गॅस खनिज इंधन, पण त्याचा धूर नगण्य. अशा वेळी आधी घरातला धूर जावा, असे माझे स्पष्ट मत आहे. द्रुतगती मार्गावरून शनिवारी-रविवारी लोणावळ्याला गाड्या पळवणाऱ्या आपण गावातल्या सिलिंडरचा हिशेब मागू नये.

धूर आणि कार्बन एकदम कमी झाल्याचे उदाहरणही मावळातच आहे. १९१५ पासून लोणावळा-वलवणच्या तलावांचे पाणी घाटाखाली खोपोलीच्या टाटा वीजकेंद्रात सोडले जाऊ लागले आणि मुंबईच्या गिरण्या कोळशाच्या वाफेवरून विजेवर येऊ लागल्या. (मुंबईच्या विजेसाठी जमीन मात्र मावळ-मुळशीची बुडाली, हेही नोंदवायला हवे.)

आज पेठेत कुणी इंडक्शन शेगडी घेतली, तर स्वयंपाकघर स्वच्छ होते. पण राज्याची बरीच वीज अजून कोळशावरची. तेवढ्यापुरता धूर चंद्रपूरसारख्या ठिकाणी जातो, राख आणि गंधकाचे वायू तिथले लोक झेलतात. कार्बन पुन्हा सगळ्यांच्या वाट्याला. छतावरच्या सौर पॅनेलवर तीच शेगडी चालली, तर दोघेही सुटतात.

तोवर चूल उघड्या पडवीत किंवा खिडकीलगत ठेवावी, सरपण वाळलेले वापरावे, तान्ह्या मुलांना धुरापासून दूर ठेवावे. आणि दमा असलेल्यांनी हिवाळ्यात गड चढायला ऊन वर आल्यावरच निघावे.