सायंकाळनंतरचे पाणी

सायंकाळी पाचनंतर पाण्याला स्पर्शही न करणारी वृद्ध स्त्री आपल्या पाहण्यात आहे काय? मुंबईतील दाट वस्तीच्या माझ्या दवाखान्यात अशा आजी नित्य येतात. तक्रार चक्कर, बद्धकोष्ठ वा लघवीच्या जळजळीची असते. कारण मात्र सार्वजनिक शौचालयाच्या वाटेवर सापडते. अंधारा, निसरडा बोळ. उकिडवे बसावे तर गुडघे वाकत नाहीत, उठताना धरायला कठडा नाही. रात्री सुनेला उठवण्याचा संकोच वाटतो. मग पाणीच सोडायचे! आधीच उतारवयात तहानेची जाणीव मंदावलेली असते.

रक्तदाबासाठी दिलेली, लघवी वाढवणारी गोळीही अशीच गुपचूप वगळली जाते. एका आजींचा रक्तदाब उतरेना, म्हणून मी दुसरे औषध वाढवत राहिलो. त्या पहिली गोळी घेतच नव्हत्या, हे चार महिन्यांनी कळले; तेही त्यांच्या शेजारणीकडून. मी कधी विचारलेच नव्हते.

आपल्या घरी वृद्ध असतील, तर पाण्याचा मोठा वाटा दुपारपर्यंत द्यावा. ही गोळी सकाळी घेता येईल का, हे डॉक्टरांना विचारावे; हृदय वा मूत्रपिंडाचा विकार असल्यास पाण्याचे प्रमाणही त्यांनाच ठरवू द्यावे. उशाशी विजेरी आणि अंथरुणाजवळ झाकणाचे भांडे असावे. शौचकूपावर ठेवण्याची कमोडची खुर्ची दोनतीन घरांनी मिळून घेतली तरी चालते.

त्या आजींचे भांडे आता त्यांचा नातू पहाटे रिकामे करतो. रात्री जेवणानंतर त्या पेलाभर पाणी पितात.