पोस्टात उभा वीर, बागेत उडणारे हंस

गावोगावच्या दंतकथा : लेखांक ७

गेल्या आठवड्यात आपण प्रागमधल्या मातीच्या गोलेमची गोष्ट पाहिली. ती जिथे घडली असं सांगतात ते सिनेगॉग अजून जागेवर आहे. या आठवड्यात डब्लिन, आणि इथे मामला उलटा आहे. केल्टिक दंतकथांच्या मागावर पायी हिंडवणाऱ्या फेऱ्या इथे भरपूर निघतात, पण त्या दंतकथांमध्ये डब्लिन जवळपास नाहीच. जुन्या आयरिश कथा टेकड्यांवरच्या राजांच्या, गाईबैलांच्या, नद्यांच्या आणि दलदलींच्या. शहर ही चीजच त्या समाजाला ठाऊक नव्हती. डब्लिन वसवलं ते व्हायकिंगांनी, ८४१ साली तळ ठोकून. बाराव्या शतकात ते इंग्लंडच्या राजाकडे गेलं आणि पुढे सातशे वर्षं परकी सत्तेचं ठाणं राहिलं.

मग या फेरीत बघायचं काय? बघायचं ते हे, की गावाकडचे हे देव आणि वीर शहरात कुणी आणले, कधी आणले आणि कशासाठी. फेरी तीन-चार किलोमीटरची आहे. सुरुवात ओ'कॉनेल स्ट्रीटवरच्या जनरल पोस्ट ऑफिसपासून करावी.

पोस्टाच्या दर्शनी खिडकीत ब्राँझचा एक पुतळा आहे. एक तरुण खांबासारख्या दगडाला स्वतःला बांधून घेऊन उभा आहे, मान कलंडलेली, हातातली ढाल निसटू पाहतेय आणि खांद्यावर एक पक्षी बसलाय. हा कू खुलन, उत्तरेकडच्या अल्स्टर प्रांताचा वीर. मरणघाव लागल्यावर त्याने स्वतःला उभ्या दगडाला बांधून घेतलं, कारण मरायचं तर पायांवर उभं राहून. शत्रू जवळ यायला धजेनात. अखेर खांद्यावर कावळा येऊन बसला, तेव्हाच त्यांची खात्री पटली. तो कावळा म्हणजे रणदेवता मॉरिगन, असं बहुतेक गाइड सांगतात.

कू खुलनची मुख्य कथा ‘टॉइन’ या नावाने ओळखली जाते आणि ती चक्क एका बैलासाठी झालेल्या युद्धाची आहे. कॉनॉटची राणी मेव्ह आणि तिचा नवरा अलिल एका रात्री अंथरुणात पडल्या पडल्या हिशेब करू लागतात, की दोघांत श्रीमंत कोण. सगळं तोलामोलाचं निघतं, फक्त अलिलकडे पांढऱ्या शिंगांचा एक बैल जास्त. तसाच तोडीचा तपकिरी बैल अल्स्टरमध्ये आहे, असं कळल्यावर मेव्ह फौज घेऊन निघते. इकडे अल्स्टरचे झाडून सगळे पुरुष अंथरुणाला खिळलेले. का, तर माखा नावाच्या एका बाईला त्यांच्या राजाने ऐन दिवसांत घोड्यांबरोबर शर्यतीत पळायला लावलं होतं. ती जिंकली, तिथेच बाळंत झाली आणि तिने शाप दिला, की सर्वात मोठ्या संकटाच्या वेळी तुम्हाला बाळंतपणाच्या कळा येतील. शापातून सुटलेला एकटा कू खुलन. तो नदीच्या उतारावर उभा राहून एकेका योद्ध्याला अडवतो. त्यात त्याचा जिवलग गुरुबंधू फर्दियाही येतो. दिवसभर दोघे लढतात आणि रात्री एकमेकांना जखमांसाठी औषधपाला पाठवतात. शेवटी फर्दिया मरतो.

आपल्याकडे गावाबाहेर ज्या वीरगळी दिसतात, त्यांतल्या कितीतरींवर खालच्या चौकटीत गाई कोरलेल्या असतात. गोधन वाचवताना पडलेल्याला दगड उभारायचा ही रीत मराठी वाचकाला नवी नाही. त्यामुळे बैलापायी एवढं रामायण कशाला, हा प्रश्न युरोपातल्या पर्यटकाला पडतो तसा आपल्याला पडायचं कारण नाही.

पण हा वीर पोस्टात कसा? १९१६ च्या ईस्टरला आयरिश बंडखोरांनी याच इमारतीत ठाण मांडून प्रजासत्ताकाची घोषणा केली होती. त्यांच्यातला प्रमुख पॅट्रिक पिअर्स हा शाळामास्तर. १९०८ मध्ये त्याने काढलेल्या शाळेत बाल कू खुलनचं भित्तिचित्र होतं. आज जो शस्त्र हाती घेईल त्याचं नाव अमर होईल पण आयुष्य तोकडं राहील, हे भाकीत कानावर पडताच शस्त्र मागायला गेलेला तो मुलगा. पिअर्सने ती गोष्ट पोरांना नुसती शिकवली नाही, स्वतः जगून दाखवली. ३ मे १९१६ ला इंग्रजांनी त्याला गोळ्या घातल्या. गंमत अशी, की पुतळा बंडाचं स्मारक म्हणून घडवलेलाच नाही. ऑलिव्हर शेपर्ड या शिल्पकाराने तो बंडाच्या आधी, १९११-१२ च्या सुमारास केला होता. पुढे १९३५ मध्ये स्वतंत्र आयर्लंडच्या डी व्हॅलेरा सरकारने तो निवडून इथे बसवला. सॅम्युअल बेकेटला या वीरपूजेचा एवढा वीट आला होता, की त्याच्या ‘मर्फी’ कादंबरीतला एक माणूस याच पुतळ्याच्या ढुंगणावर डोकं आपटतो.

याच्या पुढची गोष्ट बरेच गाइड गाळतात. उत्तर आयर्लंडमध्ये ब्रिटनशी एकनिष्ठ असलेल्या प्रॉटेस्टंट गटांनीही बेलफास्टच्या भिंतींवर हाच पुतळा, हीच कलंडलेली मान रंगवली. त्यांचं म्हणणं, कू खुलन दक्षिणेकडच्या फौजांपासून अल्स्टर राखणारा, म्हणजे आमचा! कथा उघडून पाहिली तर त्यांच्या बोलण्यात अगदीच तथ्य नाही असंही म्हणता येत नाही.

पोस्टापासून उत्तरेला दहा मिनिटं चाललं की पार्नेल स्क्वेअरची स्मृतिबाग लागते. बंडाला पन्नास वर्षं झाली तेव्हा, १९६६ मध्ये ती खुली झाली. मधोमध क्रुसाच्या आकाराचा उथळ हौद आहे. त्याच्या तळाच्या मोझेइकमध्ये मोडक्या तलवारी, भाले आणि ढाली दिसतात, कारण लढाई संपली की शस्त्रं मोडून पाण्यात सोडायची अशी केल्टिक लोकांची रीत होती. टोकाला ऑशिन केलीचं १९७१ मधलं शिल्प. चार माणसं खाली कोसळताहेत आणि त्यांच्यातूनच चार हंस वर उसळताहेत.

ही लिरची मुलं, फिनूला आणि तिचे तीन भाऊ. सावत्र आईने त्यांना नऊशे वर्षांसाठी हंस केलं. तीनशे वर्षं एका शांत तळ्यात, तीनशे आयर्लंड आणि स्कॉटलंडमधल्या थंडगार सामुद्रधुनीत, तीनशे पश्चिमेच्या समुद्रात. माणसाचा आवाज तेवढा शाबूत ठेवला, म्हणून ती गात राहिली. शेवटी ख्रिस्ती साधूची घंटा वाजली, शाप सुटला आणि हंसांच्या जागी जख्ख म्हातारी माणसं उरली. बाप्तिस्मा झाला आणि ती मेली. हे कथानक मध्ययुगाच्या उत्तरार्धातलं, म्हणजे ‘टॉइन’च्या मानाने बरंच अलीकडचं. राष्ट्राच्या पुनर्जन्माचं प्रतीक म्हणून ते इथे घेतलं खरं, पण मूळ कथेत पुनर्जन्म नाहीच, सुटका झाली की मरण आहे. मला विचाराल तर शिल्पकाराने त्या अडचणीवर नामी तोड काढली. त्याने शेवट टाळून सुरुवातीचा, रूप पालटण्याचा क्षण धरला.

आता नदीकडे वळू. लिफीच्या काठावरच्या कस्टम हाउसच्या कमानींवर नद्यांचे चेहरे कोरलेले आहेत. एडवर्ड स्मिथचं अठराव्या शतकातलं काम. आयर्लंडच्या एवढ्या नद्या, पण बाई एकटी लिफी, बाकी सगळे दाढीवाले बाप्ये. हा ग्रीको-रोमन शिरस्ता. आयरिश कथांत मात्र बॉइन आणि शॅनन या नद्याही देवता, त्याही निषिद्ध विहिरीपाशी गेल्यामुळे उसळलेल्या पाण्यात बुडालेल्या बायका.

नदीच्या याच बाजूला लेप्रेकॉनचं, म्हणजे लोककथांतल्या त्या बुटक्याचं, छोटं संग्रहालय आहे. मुलं बरोबर असतील तर जावं. हिरवा कोट हे अलीकडचं सोंग आहे, एकोणिसाव्या शतकातल्या वर्णनांत तो बऱ्याचदा लाल कोटात दिसतो.

पूल ओलांडून ट्रिनिटी कॉलेज. पर्यटकांची रांग ‘बुक ऑफ केल्स’साठी असते, तो तर बायबलमधला ग्रंथ. दंतकथांच्या दृष्टीने मोलाचं आहे ते याच ग्रंथालयातलं ‘बुक ऑफ लेन्स्टर’ हे बाराव्या शतकातलं हस्तलिखित. त्यात ‘टॉइन’ संपल्यावर लेखनिकाने लॅटिनमध्ये शेरा मारलाय, की हे मी उतरवून काढलं खरं, पण माझा यावर विश्वास नाही. यातलं काही सैतानाची फसवणूक, काही कवींच्या कल्पना, काही मूर्खांच्या करमणुकीसाठी. जुन्या देवांना वाचवलं ते असल्या कुरकुरणाऱ्या ख्रिस्ती मठवासीयांनी. त्यांनी देवांना देव म्हणायचं टाळलं आणि तुआहा डे डानन नावाचा जुना जादूगार वंश करून टाकलं, जो हरल्यावर टेकड्यांखाली राहायला गेला. लोककथांतल्या पऱ्या त्या याच.

किल्डेअर स्ट्रीटवरच्या राष्ट्रीय संग्रहालयात मात्र सगळं खरोखर जुनं आहे. २००३ मध्ये दलदलीत सापडलेल्या ओल्डक्रोहन मॅनचं फक्त धड आणि हात उरलेत. दंडावर चामड्याची वेणी, नखं नीट राखलेली. कष्टकऱ्याचे हात नव्हेत हे कुणालाही कळावं. दलदलीत सापडणारी अशी शवं बळी दिलेल्या राजांची असावीत, दुष्काळ पडला की भूदेवीशी लग्न लागलेल्या राजाला जबाबदार धरत असावेत, अशी मांडणी संग्रहालयातले पुरातत्त्वज्ञ एमन केली यांनी केली. ती सगळ्यांना मान्य नाही.

त्याच इमारतीत सोन्याची एक होडी आहे, वीतभर लांब, वल्ही आणि डोलकाठीसकट. १८९६ मध्ये उत्तरेला लॉक फॉइल या खाडीजवळच्या ब्रॉयटर गावी नांगरताना सापडली. ब्रिटिश म्युझियमने ती इतर सोन्याबरोबर विकत घेतली आणि खटला उभा राहिला. परत काढायच्या हेतूने पुरलेलं धन राजाचं, पण देवाला अर्पण करून सोडलेलं असेल तर राजाचा हक्क नाही, असा कायदा. म्हणून म्युझियमच्या वकिलांनी १९०३ मध्ये लंडनच्या कोर्टात समुद्रदेवाची बाजू लढवली, की हे सोनं त्याला वाहिलेलं. न्यायाधीशांनी देव फेटाळला. सोनं राजाकडे आणि तिथून डब्लिनला आलं. सरकारच्या बाजूने वकील होता एडवर्ड कार्सन, पुढे आयरिश स्वराज्याला कडाडून विरोध करणारा. आजचे बहुतेक अभ्यासक मात्र तो देवाचा नवसच होता असं मानतात.

फेरी संपते मेरियन स्क्वेअरला. १ नंबरच्या घरात डोळ्यांचे डॉक्टर विल्यम वाइल्ड राहत, ऑस्कर वाइल्डचे वडील. गोरगरीब रुग्णांकडून पैशांऐवजी गोष्टी घेत, असं सांगतात. त्यांच्या मागे त्यांच्या पत्नीने त्या १८८७ मध्ये छापल्या. चार घरं पलीकडे, ५ नंबरला, स्टोक्स कुटुंब. त्यातला व्हिटली स्टोक्स आपल्याकडे कायद्याच्या नोकरीवर आला आणि पुढे व्हाइसरॉयच्या कौन्सिलचा विधी सदस्य झाला. १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा, जो अजून आपल्या घरखरेदीला लागतो, तो त्याच्या कारकिर्दीतला. दिवसा कायदे आणि फावल्या वेळात जुनं आयरिश, असा त्याचा खाक्या. त्याने संपादलेल्या काही आयरिश संहिता चक्क कलकत्त्यात छापल्या गेल्या.

जाणाऱ्यांसाठी एक सूचना : किल्डेअर स्ट्रीटचं संग्रहालय फुकट आहे, पण रविवारी आणि सोमवारी ते दुपारी एकनंतरच उघडतं. त्यामुळे वार बघून निघा. पुढच्या आठवड्यात शहराबाहेर, न्यूग्रेंजच्या टेकडीखाली.